अ‍ॅलिसच्या लॉगमध्ये काहीच नव्हतं: इंदूर–पीथमपूर क्यूकेडी दुव्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या एका वित्तसंस्थेचं मुख्य डेटा सेंटर शहरात आहे आणि राखीव केंद्र पीथमपूरच्या औद्योगिक पट्ट्यात. दोन्हींमध्ये रात्रंदिवस डेटाची नक्कल चालू असते, अर्थात एईएस-256 या कूटपद्धतीने (256 बिटच्या गुप्त चावीने) कूटबद्ध होऊन. एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी 6003.65 कोटी रुपये मंजूर केले आणि संचालकांच्या बैठकीत ‘आपलं क्वांटमचं काय?’ हा प्रश्न दर वेळी यायला लागला. त्यातून हा पथदर्शी प्रकल्प निघाला: भाड्याच्या डार्क फायबरवर (दुसरा कुठलाही डेटा नसलेल्या रिकाम्या फायबरवर) क्वांटम की डिस्ट्रिब्युशन, म्हणजे क्यूकेडी: फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे एकेक कण, पाठवून दोन्ही टोकांना सारखी गुप्त चावी तयार करायची. संस्था, पेट्यांचा विक्रेता आणि फायबर कंपनी यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत. माझी भूमिका बाहेरच्या ऑप्टिक्स सल्लागाराची होती.

रस्त्याने अंतर पंचवीसेक किलोमीटर. केबल मात्र राऊमार्गे वळसे घेत जाते, त्यामुळे फायबर भरली 38 किलोमीटर. जॉइंट आणि पॅच धरून एकूण क्षय 10 डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास, म्हणजे दहा फोटॉन निघाले तर एक पोचतो; पुढच्या दर 10 डीबीला प्रकाश आणखी दहापट घटतो. राऊच्या पुढे फायबर कंपनीची एक खोली आहे. आत दोन रॅक आणि एक पॅच पॅनेल, दाराला एक कुलूप. त्या कुलपाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत, याचं उत्तर विचाराल त्या माणसागणिक बदलायचं.

पद्धत डिकॉय-स्टेट बीबी84: बीबी84 ही क्यूकेडीची मूळ रीत, आणि डिकॉय म्हणजे मधूनमधून वेगळ्या तीव्रतेचे स्पंद सोडून जादा फोटॉन चोरणाऱ्याला पकडायची युक्ती. मूळ बीबी84 चा निबंध 1984 साली बेंगळुरूच्या परिषदेत मांडला गेला होता, हे संचालकांना सांगितलं की त्यांना फार बरं वाटायचं. पाठवणारी पेटी अ‍ॅलिस, ती इंदूरला. घेणारी बॉब, ती पीथमपूरला. अ‍ॅलिस सेकंदाला 10 कोटी मंद स्पंद सोडते, प्रत्येकात सरासरी अर्धा फोटॉन. मधे कुणी फोटॉन मोजून पुढे पाठवले तर बॉबकडे चुका वाढतात, आणि चुकांचं प्रमाण 11 टक्क्यांकडे सरकलं की चावी बनूच शकत नाही. तत्त्व पक्कं आहे. पण ते तत्त्व ज्या पेट्यांत बसवलंय त्या काच, लेसर आणि सेमीकंडक्टरच्या आहेत, आणि फायबर दोन्ही दिशांनी प्रकाश नेते.

घटना

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी दुवा बंद पडला. बॉबकडे सिग्नल गेला, मग मोजणी एकदम चढली, चुका 50 टक्क्यांच्या आसपास. सत्र आपोआप रद्द झालं. नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरने कार्यपद्धतीत लिहिल्याप्रमाणे ‘रिस्टार्ट’ दाबलं, दोनदा. थोड्या वेळाने दुवा सुरळीत झाला आणि तिकीट बंद झालं.

दुसऱ्या दिवशी नेटवर्क प्रमुखांचा फोन आला. ‘‘अहो, काल बॉबला काहीतरी झालं होतं. आता ठीक आहे, पण तुम्ही एकदा नजर टाका.’’ हा फोन आला म्हणून हे प्रकरण झालं. तिकीट तर बंदच होतं.

चुका 50 टक्के याचा अर्थ साधा आहे: बॉबला जे दिसत होतं त्याचा अ‍ॅलिसशी काही संबंध नव्हता, निव्वळ नाणेफेक. सुदैवाने बॉबच्या डिटेक्टरच्या कच्च्या वेळनोंदी पुसल्या गेल्या नव्हत्या. आलेख काढला तर मोजणीचे सुळके अगदी एका लयीत, 1 मिलिसेकंदाच्या अंतराने. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे 1 मिलिसेकंदात 200. जाऊन-येऊन 100. फायबरमध्ये स्पंद सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून ती तपासणारं यंत्र, ओटीडीआर, 100 किलोमीटरच्या रेंजवर ठेवलं की ते नेमक्या याच लयीत स्पंद सोडतं.

फायबर कंपनीकडे विचारणा केली. त्याच केबलमधल्या दुसऱ्या ग्राहकाची तक्रार होती, पथक राऊच्या खोलीत गेलं, पॅनेलवरचं हाताने लिहिलेलं लेबल चुकीचं वाचलं आणि आमची पॅचकॉर्ड उपटली. पथकातला मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, ‘‘लाइव फायबर लग रहा था साहब, इसलिए सोलह-पच्चीस पे ही मारा. दोनों तरफ़.’’

त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. नेहमीच्या डेटा फायबरवर 1625 नॅनोमीटर हीच सभ्य सवय आहे: डेटा 1550 च्या आसपास चालतो, त्याला 1625 चा त्रास होत नाही. बॉबच्या आतला इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डिटेक्टर हा भेद करत नाही. त्याला 1625 सुद्धा दिसतं. आणि ओटीडीआरचा स्पंद म्हणजे एकेक फोटॉन मोजणाऱ्या यंत्रासाठी झगझगाट.

खरी अडचण

इथवर बघितलं तर ही देखभालीतली गफलत. बैठकीत विक्रेत्याच्या प्रतिनिधीचाही सूर तोच: यंत्रणेने गडबड ओळखली, चावी बनवणं थांबवलं, आणखी काय हवं? त्यावर संस्थेच्या सुरक्षा प्रमुख बाईंनी विचारलं, ‘‘बॉब ओरडला म्हणून कळलं. दोन्हीकडे मारलं म्हणतोय ना तो? मग अ‍ॅलिसवर मारलं तेव्हा कोण ओरडलं?’’

कुणीच नाही. अ‍ॅलिसच्या लॉगमध्ये त्या वेळेत सगळं हिरवं होतं: लेसर ठीक, तापमान ठीक, क्लासिकल चॅनल (साध्या डेटाची वाट) ठीक. अ‍ॅलिसमध्ये एक फोटोडायोड आहे, पण तो तिच्या स्वतःच्या लेसरकडे तोंड करून बसलेला. बाहेरून आत काय येतंय ते बघायला काहीच नव्हतं. ओटीडीआरच्या फाइलमध्ये मात्र अ‍ॅलिसच्या दाराचं परावर्तन शेवटच्या सुळक्यासारखं स्वच्छ उमटलेलं. पथकाच्या यंत्राला अ‍ॅलिस दिसली होती, अ‍ॅलिसला ते यंत्र दिसलं नव्हतं.

त्या दिवशी नुकसान झालं नाही, कारण त्या वेळात चावी बनतच नव्हती. पण हेच कुणी मुद्दाम केलं, दुवा न तोडता केलं, तर? याला ट्रोजन हॉर्स हल्ला म्हणतात. बंद खिडकीच्या काचेवर बॅटरी मारून खोलीत काय चाललंय ते बघावं, तसा प्रकार. हल्लेखोर फायबरमधून अ‍ॅलिसच्या आत प्रखर प्रकाश सोडतो, तो मॉड्युलेटरपर्यंत (स्पंदांवर चावीचे बिट चढवणाऱ्या भागापर्यंत) जाऊन कशावर तरी आपटून परत येतो, आणि येताना मॉड्युलेटर त्या क्षणी कोणत्या स्थितीत होता याची खूण घेऊन येतो. मूळ फोटॉनला हात लागत नाही, त्यामुळे बॉबकडे चुका वाढत नाहीत. जिच्यावर सगळी भिस्त, ती घंटाच वाजत नाही.

विक्रेत्याचं उत्तर एका शब्दाचं होतं: आयसोलेटर. प्रकाश बाहेर जाऊ देतो, आत येऊ देत नाही. बरोबर आहे. किती, हा प्रश्न.

हिशेब

हा भाग थोडा सविस्तर लिहितो, कारण निर्णय इथूनच निघाले.

हल्लेखोर फायबरमध्ये किती प्रकाश घालू शकेल? आम्ही 10 वॅट धरले. त्याच्या पुढे मळकट कनेक्टर जळणं, फायबरचा गाभाच वितळत जाणं असे प्रकार होऊन हल्ला उघडा पडण्याची शक्यता वाढते. 1550 नॅनोमीटरला 1 वॅट म्हणजे सेकंदाला सुमारे 7.8 × 10¹⁸ फोटॉन. 10 वॅट आणि सेकंदाला 10 कोटी स्पंद, तर प्रत्येक स्पंदाच्या वाट्याला 7.8 × 10¹¹ फोटॉन आत जातात. परत बाहेर येताना स्पंदामागे दहा लाखांश फोटॉनपेक्षा जास्त येऊ नये असं ठरवलं, तर जाण्यायेण्यात मिळून 179 डीबी क्षय हवा.

विक्रेत्याच्या कागदावर: दोन टप्प्यांचा आयसोलेटर 55, अ‍ॅटेन्युएटर (स्पंद मंद करणारा भाग) जाताना 40 आणि येताना 40, आतलं परावर्तन (आत आपटून परतताना होणारी घट) 45. बेरीज 180. कागदावर 1 डीबीने पास.

अडचणी दोन होत्या. पहिली, 55 हा आकडा 1550 चा. आयसोलेटरच्या आतला स्फटिक प्रकाशाचं ध्रुवण (कंपनाची दिशा) 45 अंशांनी फिरवतो, पण ते फक्त ठरलेल्या तरंगलांबीला. तिथून सरकलं की कोन चुकतो आणि प्रकाश झिरपतो. पथकाच्या मुलाने 1625 वापरलं म्हणून हा विचार सुरू झाला, नाहीतर सगळ्यांच्या डोक्यात 1550 च होतं. विक्रेत्याकडून त्याच बनावटीचा सुटा आयसोलेटर मागवून एका शैक्षणिक प्रयोगशाळेत मोजला. 1550 ला 57 डीबी, कागदापेक्षा चांगला. 1625 ला 44. 1310 ला 21. मॉड्युलेटर 1310 ला नीट चालत नाही हे खरं, पण थोडंफार चालतो, आणि चोराला थोडंफार पुरतं.

दुसरी अडचण उष्णतेची. जास्त शक्तीचा लेसर उलट्या दिशेने मारला तर आयसोलेटर तापतो आणि त्याची रोखण्याची ताकद तात्पुरती घसरते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत काही वॅटच्या प्रकाशाखाली ही घसरण 15 डीबीहून जास्त दिसली होती. काही नमुने थंड झाल्यावर पूर्ववत होतात, म्हणजे नंतर उघडून तपासलं तरी सगळं ठीक दिसणार. 1 डीबीच्या फरकाने पास झालेल्या हिशेबात 15 डीबी कुठून आणायचे?

पुढे आलेले पर्याय

सुरक्षा प्रमुखांनी सुरुवातीलाच एक पर्याय टेबलावर ठेवला: क्यूकेडी बाजूला ठेवा, ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने एमएल-केईएम (क्वांटम संगणकालाही दाद देऊ नये अशी, गणितावर आधारलेली चावी ठरवण्याची पद्धत) प्रमाणित केलंय, ते सॉफ्टवेअरमध्ये बसवा. माझ्या मते हा पर्याय पूर्ण सोडून देण्यासारखा नव्हता, आणि शेवटी अर्धा स्वीकारलाही गेला.

विक्रेत्याने त्याच्या पुढच्या पिढीची, मापन-उपकरण-निरपेक्ष पद्धतीची यंत्रणा सुचवली. 2012 मध्ये मांडली गेलेली ही पद्धत डिटेक्टरवरचे हल्ले मुळातून निकाली काढते, यात वाद नाही. पण आमची फट पाठवणाऱ्याच्या बाजूला होती, आणि त्या पद्धतीत दोन्ही टोकं पाठवतात व मोजणारं यंत्र मधे असतं, म्हणजे पाठवणाऱ्या दोन पेट्या असतात. एका उघड्या खिडकीच्या जागी दोन घेण्यासाठी पैसे मोजायचं कारण दिसलं नाही.

पाळतीचा डिटेक्टर हा सगळ्यांना पटकन आवडलेला उपाय. फायबरमधला 1 टक्का प्रकाश काढून आत येणाऱ्या दिशेवर लक्ष ठेवायचं, काही दिसलं की घंटा. नेटवर्क प्रमुखांना हाच हवा होता, कारण तो डॅशबोर्डवर दिसतो. माझा आक्षेप असा होता की पाळतीचा डिटेक्टर हासुद्धा एक डिटेक्टरच आहे. पाळतीचा फोटोडायोड लेसरने जाळून निकामी करण्याचे प्रयोग 2016 मध्येच प्रसिद्ध झालेत. सोबतीला असू द्या. त्याच्या भरवशावर हिशेब मांडू नका.

शेवटचा पर्याय निष्क्रिय सुट्या भागांचा: अ‍ॅलिसच्या बाहेर, आमच्या ताब्यातल्या सीलबंद ट्रेमध्ये आणखी एक आयसोलेटर आणि फिल्टर. पेट्यांच्या मानाने किंमत चिल्लर. विक्रेत्याची भीती हमी रद्द होण्याची, पण पेटी उघडायची नाही म्हटल्यावर ती मावळली.

निर्णयाचे दोन कळीचे मुद्दे

पहिला: बाहेरच्या आयसोलेटरचे डीबी हिशेबात धरायचे का? विक्रेता धरा म्हणत होता, म्हणजे बेरीज 235 च्या वर जाते आणि सगळे खूश. आम्ही शून्य धरले. त्याचं काम मार खाण्याचं. तो तापून 17 डीबीवर आला तरी 10 वॅटचे 200 मिलिवॅट होतात, आणि आतला आयसोलेटर 300 मिलिवॅटपर्यंतच्या शक्तीसाठी बनलेला आहे. म्हणजे आतल्याचे 55 डीबी टिकतात, आणि कागदावरचा हिशेब पहिल्यांदाच खरा होतो. बाहेरचा जळाला तर जळाला, बदलायचा.

दुसरा मुद्दा जास्त ताणला गेला. ट्रेमुळे दुव्यावर 2 डीबी क्षय वाढणार, म्हणजे चावीचा वेग जवळपास साठ टक्क्यांवर येणार. विक्रेत्याचा अभियंता म्हणाला, काही बिघडत नाही, अ‍ॅलिसचा अ‍ॅटेन्युएटर 2 डीबीने सैल करतो, वेग जशास तसा. ऐकायला निर्दोष. पण मग अ‍ॅलिसमधून बाहेर पडणारे स्पंद ठरल्यापेक्षा प्रखर, आणि त्यांना परत मंद करण्याची जबाबदारी त्याच आयसोलेटरवर, ज्याला आपण ‘जळाला तर जळाला’ म्हणतोय. लेसरच्या माऱ्याने त्याचा पुढच्या दिशेचा क्षय कमी झाला तर स्पंदात जादा फोटॉन जातील, आणि जादा फोटॉन हेच तर चोराचं खाद्य. म्हणून भरपाई करायची नाही, 2 डीबी हे वाटेतल्या फायबरचं नुकसान समजायचं, असं ठरलं.

वेग कमी झाल्याचं दुःख कशासाठी, हेही एकदा मोजून दाखवलं. दर मिनिटाला 256 बिटची नवी चावी लागते, म्हणजे सेकंदाला साडेचार बिटसुद्धा नाहीत. दुवा सेकंदाला हजारांत बिट देतो. तरीही डॅशबोर्डवरची रेघ खाली येणार म्हणून वरच्या मजल्यावरून दोनदा विचारणा आली.

प्रत्यक्ष काम

ट्रेमध्ये बाहेरून आत असा क्रम लावला: मार खाणारा आयसोलेटर, मग 1310 चा प्रकाश वेगळा काढणारा डब्ल्यूडीएम (तरंगलांब्या वेगळ्या करणारा भाग), मग क्वांटम चॅनलच्या तरंगलांबीचा पातळ-थरांचा फिल्टर, मग 1 टक्का प्रकाश बाजूला काढणारा टॅप आणि पाळतीचा फोटोडायोड. पातळ-थरांचे फिल्टर आपल्या पट्ट्याच्या आसपास चोख असतात, फार दूरच्या तरंगलांब्यांना कधीकधी सरळ सोडून देतात. म्हणून त्यांची मापंही रुंद पट्ट्यावर घेतली. लांब तरंगलांब्यांसाठी स्वस्त उपाय केला: साध्या फायबरचे बारीक व्यासाचे काही वेढे. वळवलेल्या फायबरमधून लांब तरंगलांबीचा प्रकाश आधी सांडतो. व्यास किती, हे 1550 चा क्षय मोजत मोजत ठरवलं, कारण एक वेढा जास्त घट्ट झाला की आपलाच सिग्नल सांडायला लागतो. सगळे सांधे स्प्लाइस केले (काच वितळवून जोडले), कनेक्टर एकही नाही.

बॉबकडे काम कमी होतं. प्रखर प्रकाशाने डिटेक्टर आंधळा करून त्याला हवं तेव्हा ‘क्लिक’ करायला लावता येतं, हे 2010 मध्ये दोन व्यापारी यंत्रणांवर दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून बहुतेक विक्रेते डिटेक्टरच्या विद्युतप्रवाहावर लक्ष ठेवतात. आमच्या बॉबमध्येही सोय होती. खोट्या घंटा नकोत म्हणून मर्यादा फार वर ठेवलेली. ती खाली आणली.

कार्यपद्धतीत ‘रिस्टार्ट’ च्या आधी दोन ओळी घातल्या: कच्च्या वेळनोंदी जतन करा, आणि फायबर कंपनीच्या कक्षाला विचारा की मार्गावर कुणी काम करतंय का. घटनेच्या दिवशीच्या सगळ्या चाव्या टाकून दिल्या. गरज नव्हती, पण चावी टाकायला पैसे पडत नाहीत. आणि अंतिम चावी आता क्यूकेडी व एमएल-केईएम दोन्हींच्या मिश्रणातून निघते. एक बाजू फुटली तरी दुसरी उरते.

परिणाम

ट्रे बसवल्यावर 1550, 1625 आणि 1310 तिन्हीकडे हिशेब 179 च्या वर आला, बाहेरचा आयसोलेटर शून्य धरूनही. 1310 ला सर्वात जास्त फरक पडला, आणि तो बहुतेक सगळा डब्ल्यूडीएम आणि फिल्टरचा. वेग अपेक्षेइतकाच उतरला. पाळतीच्या फोटोडायोडने त्यानंतर एकदा घंटा वाजवली: पुन्हा तेच, राऊच्या खोलीत दुसरं पथक. या वेळी ऑपरेटरने आधी फोन केला, मग रिस्टार्ट.

एक भोक राहिलंच. आतल्या परावर्तनाचा 45 डीबी हा आकडा विक्रेत्याच्या शब्दावर धरलाय. पेटी उघडून मोजायला त्याची परवानगी नाही, आणि बाहेरून मोजायला गेलं तर आयसोलेटरच आड येतो. त्याची भरपाई म्हणून गोपनीयता-वर्धनाच्या पायरीत (चोराला कळलेला अंश निरुपयोगी व्हावा म्हणून चावी आखूड करण्याच्या पायरीत) चावी थोडी जास्त कापली जाते. हा तह आहे, तोडगा नव्हे.

वेगळं काय करता आलं असतं

स्वीकृती चाचणीच्या मूळ यादीत चावीचा वेग, चुकांचं प्रमाण, अखंड चालण्याचा काळ एवढंच होतं. तिन्ही गोष्टी बॉबकडे दिसणाऱ्या. अ‍ॅलिसच्या दारावर बाहेरून प्रकाश मारून काय होतं, ही चाचणी यादीत असती तर ओटीडीआरवाल्या मुलाची वाट बघावी लागली नसती. राऊच्या खोलीतलं पॅनेल करारातच आमच्या कुलपाखाली आणता आलं असतं. नंतर ते आणायला दुप्पट पत्रव्यवहार लागला. आणि सुट्या आयसोलेटरचं मोजमाप खरेदीच्या आधी व्हायला हवं होतं, तेव्हा विक्रेता जास्त ऐकतो.

उज्जैनच्या प्रस्तावित दुव्याच्या निविदेत आता तीन अटी आहेत: आयसोलेटर व फिल्टरची मापं रुंद पट्ट्यावर, बाहेरचा घटक हिशेबाबाहेर, आणि 2023 च्या आयएसओ/आयईसी 23837 या क्यूकेडी-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रकाश आत सोडण्याच्या हल्ल्यांचं मूल्यमापन, त्यात आतल्या परावर्तनाच्या मोजमापासह. दोन विक्रेत्यांनी तिसऱ्या अटीवर हरकत घेतली आहे. एकाने मोजमाप द्यायची तयारी दाखवली, पण गोपनीयतेच्या करारावर सही केल्यावरच. त्या कराराचा मसुदा सध्या विधी विभागाकडे आहे.